एकच पोरगं, दोन फायली

पऱ्हाटी | सोमवार, रात्री ९.१२

मी विदर्भातल्या एका दारूबंदी जिल्ह्यात, तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीत नाव असल्यामुळे बाल न्याय मंडळातली, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या गुन्ह्यांची, प्रकरणं माझ्याकडे येतात. (फी किती मिळते हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, आणि तो विनोदी विभागात काढावा लागेल.)

खाली जे लिहितेय त्यात गाव, वय, नातं सगळं बदललंय. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. तेव्हा प्रतिसादातही कुणी "अमुक गावचा ना?" असं विचारू नका.

पोरगा पंधराचा. बापानं फवारणीचं औषध घेतलं त्याला काही वर्षं झाली. सातबारा आज्याच्या नावावर, कर्ज बिनपरवाना सावकाराचं. प्रकरण अपात्र ठरलं, म्हणजे शेतकरी आत्महत्येचे सरकारी एक लाखही नाहीत. माय मुकादमासोबत सोयाबीन सोंगायला जाते, तिथून कापूस वेचायला, आणि संक्रांतीच्या पुढेमागे कधीतरी घरी येते. घरात आजी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आठवीत शाळा सुटली, तरी हजेरीपत्रकात पोरगा बरेच महिने हजरच होता. नदी ओलांडली की दुसरा जिल्हा, तिथे देशीचं दुकान उघडं. गावातल्या एकानं त्याच्या हातात मोटरसायकल दिली आणि शाळेच्याच जुन्या दप्तरात पव्वे भरून दिले. खेपेला शंभर-दीडशे रुपये.

पकडला गेला. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याप्रमाणे तो दारू वाहणारा, म्हणून विधी संघर्षग्रस्त बालक (गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल), म्हणून मंडळासमोर. पण बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७८ काढून बघा. मुलाच्या हातून दारू विकवणाऱ्या किंवा वाहवून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. म्हणजे ज्या दप्तरामुळे पोरगा ठाण्यात बसला, त्याच दप्तरामुळे तो दुसऱ्या कुणाच्या तरी गुन्ह्यातला बळीसुद्धा आहे. शिवाय शाळा सुटलेली, बाप नाही, माय परगावी, आजीच्यानं सांभाळणं होत नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल कोण, हे कलम २(१४) सांगतं, आणि त्यात तो दारू वाहायच्या कितीतरी आधीपासून बसत होता. अशा मुलांसाठी बालकल्याण समिती असते. तिच्यापुढे त्याला कधी कुणी नेलंच नाही. सरकारची आणि त्याची पहिली भेट झाली ती ठाण्याच्या बाकावर.

मंडळानं जामीन दिला, आजीच्या ताब्यात. बरोबरच केलं, कलम १२ प्रमाणे मुलाला जामीन देणं हाच नियम. पण ज्या घरात तो परत गेला ते होतं तसंच. थोड्या दिवसांत पुन्हा तोच रस्ता, पुन्हा तेच दप्तर. दुसऱ्या वेळी सरकारी वकील म्हणाले की सोडला तर गुन्हेगारांच्या संगतीत जाईल. जामीन नाकारायला कायद्यात हे कारण आहेच. पोरगा निरीक्षणगृहात गेला, म्हणजे चौकशी चालू असताना अशा मुलांना ठेवतात तिथे. दप्तर भरून देणारा अजून गावातच आहे, परवा सप्त्याच्या पंगतीत वाढत होता म्हणे.

मला राग येतो तो याचा, की कायद्यात ही फट नाहीये. कलम ८ मध्ये मंडळाची कामं दिली आहेत. त्यात चक्क लिहिलंय की विधी संघर्षग्रस्त मूल त्याच वेळी काळजीची गरज असलेलं मूलही असू शकतं, अशा वेळी मंडळानं कोणत्याही टप्प्यावर ते समितीकडे पाठवावं आणि दोघांनीही त्यात लक्ष घालावं. "एक तर इकडे नाही तर तिकडे" असं कायदा कुठेच म्हणत नाही, ते आपल्या कचेऱ्यांनी ठरवून टाकलंय.

माझं म्हणणं एवढंच: पोरगा मंडळापुढे पहिल्यांदा येतो त्याच दिवशी त्याच्या गरजेचीही फाईल उघडावी. गुन्ह्याची चौकशी तिच्या गतीनं चालू दे. तुमच्या भागात असं होतं का? कुणाच्या पुढाकारानं होतं?

मोहफूल | सोमवार, रात्री ९.२५

वाचतेय. गडचिरोलीत दारूबंदी १९९३ पासून. इथे दप्तराऐवजी सायकलची ट्यूब आणि त्यात मोहाची. बाकी गोष्ट सेम.

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, रात्री ९.४८

ताई, लिवलं चांगलं हाय. पण एकडाव आमच्या वावरात येऊन पाहा. मागच्या उन्हाळ्यात विहिरीवरची केबल दोनदा कापून नेली. पऱ्हाटीले पाणी द्याच्या टायमाले मोटर बंद. कोणं नेली तं गावातलेच पोट्टे, सोळा-सतराचे. ठाण्यात गेलो तं म्हणे लहान हायेत, काई करता येत नाई. पोट्टेबी आता हुशार झाले, त्याईले पक्कं माहीत हाय का अठराच्या आत काई होत नाई. गरीब तं आमीबी हावो ना. आमच्या पोरानं नाई कापली कोणाची केबल.

पऱ्हाटी | सोमवार, रात्री १०.१५

ठेचा भाऊ, "काही करता येत नाही" हे ठाण्यानं तुम्हाला सांगितलं असेल तर ते कामचुकारपणाचं उत्तर आहे. कलम १८ खाली मंडळ बरंच काही करू शकतं. समज देऊन सोडण्यापासून समाजसेवा करायला लावणं, आईबापाला दंड, परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली ठेवणं, आणि गरज पडली तर तीन वर्षांपर्यंत विशेष गृह.

आता मला सांगा, ती केबल जाळून तांबं काढल्यावर विकत कोणी घेतलं? पोरगं काही तांबं खात नाही. तराजू मोठ्या माणसाचा असतो. मुलाला बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्या माणसासाठी कलम ८३ आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. तुमच्या तक्रारीत भंगारवाल्याचं नाव होतं का?

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, रात्री १०.२२

नव्हतं. पण त्याले हात लावाची कोणाची हिंमत हाय ते सांगा आधी.

जुना_बक्कल | मंगळवार, सकाळी ७.०५

पोलीस खात्यातून हवालदार म्हणून रिटायर झालो. ठेचा भाऊंच्या शेवटच्या वाक्यातच अर्धं उत्तर आहे.

कायदा मला पाठ आहे. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी पाहिजे, एएसआयच्या खालचा नको. साधे कपडे, बेडी नाही, लॉकअप नाही, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मंडळापुढे. घोर गुन्हा नसेल आणि सोबत मोठा माणूस आरोपी नसेल तर आदर्श नियमांप्रमाणे एफआयआरही नाही. नुसती डायरीत नोंद घ्यायची आणि सोबत सामाजिक पार्श्वभूमी अहवाल जोडायचा.

आता ग्रामीण ठाणं बघा. ज्याच्या नावापुढे बाल कल्याण अधिकारी लिहिलंय तोच गणपती बंदोबस्तात, तोच समन्स बजावायला, तोच निवडणुकीत. शिकून तयार झाला की बदली. पोरगं रात्री नऊला पकडलं तर लॉकअपमध्ये घालता येत नाही, घरी सोडायला गाडी नाही, मंडळ जिल्ह्याच्या गावी. मग ते बाकावर बसतं आणि त्याला चहा-बिस्कीट कोण आणतो, तर नाईटचा शिपाई स्वतःच्या खिशातून. तो अहवालाचा फॉर्म आम्ही दहा मिनिटांत भरायचो. वडील: मयत. आई: मजुरी. शिक्षण: आठवी. गुन्ह्याचं कारण: वाईट संगत. झालं. पुढे मंडळापासून परिविक्षा अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येक जण त्यातलं "वाईट संगत" उचलणार.

कलम ७८ का लागत नाही तेही सांगतो. पोरगं नाव घेत नाही. घेईल कसं? माल देणाऱ्याचं घर त्याच्या घरापासून चार दारं सोडून. त्याच्या आजीला किराणा उधार देणारा तोच. पोरानं नाव घेतलं आणि आम्ही जबाब लिहिला, तर साहेब विचारणार दुसरा पुरावा काय. मोटरसायकलचा नंबर काढला तर गाडी तिसऱ्याच्याच नावावर. मनावर घेतलं तर फोनच्या कॉलवरून आणि गाडीवरून धागा लागतो, हे मी केलेलंही आहे. पण त्याला वेळ लागतो, आणि दारूच्या केसेसचा आकडा महिनाअखेरीस दाखवायचा असतो. पोरगं पकडलं की आकडा भरतो.

पऱ्हाटी | मंगळवार, सकाळी ८.३०

जुना बक्कल, इतकं खरं मंडळापुढे कुणी बोलत नाही. त्या फॉर्ममध्ये "माय नोव्हेंबरपासून परगावी, मोबाईल नंबर अमुक, घरात रेशन आहे की नाही" एवढं आलं तरी माझा युक्तिवाद बदलतो.

सिंहगड_रोड | मंगळवार, सकाळी ९.१०

मला एक कळत नाही. अशा मुलांना त्या वातावरणातून उचलून सरळ चांगल्या वसतिगृहात का ठेवत नाहीत? पुण्यात कितीतरी संस्था आहेत.

मोहफूल | मंगळवार, सकाळी ९.२६

कारण त्याला माय आहे. ती कापूस वेचायला गेलीय, मेली नाही.

समितीवाली_मावशी | मंगळवार, दुपारी १.४०

मोहफूलनं तिखट लिहिलं, पण कायदाही तेच म्हणतो. संस्थेत ठेवणं हा सगळ्यात शेवटचा उपाय.

मी बालकल्याण समितीवर होते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, मुदत तीन वर्षं. जिल्हा सांगत नाही. पऱ्हाटी यांनी जे विचारलंय त्याचं उत्तर: मंडळाकडून समितीकडे मुलं येतात, पण फार कमी, आणि उशिरा. आमच्या वेळी बहुतेक वेळा मंडळातलं प्रकरण संपल्यावर मूल यायचं. त्यातही किरकोळ गुन्हा असेल आणि चार अधिक दोन अशा सहा महिन्यांत चौकशी संपली नाही, तर कायद्यानं ते प्रकरणच बंद होतं. गुन्हा कागदावरून गेला, पोरगं आहे तिथंच. कुणाला खंत नाही, कारण निकाली प्रकरणांत एकाची भर पडलेली असते.

माझा खरा मुद्दा पैशांचा आहे, आणि तो कुणी बोलत नाही म्हणून जरा लांबवते.

महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. अनाथ, एक पालक असलेलं, पालक दुर्धर आजारी असलेलं, अशा मुलाला घरीच ठेवून त्याच्या संगोपनासाठी महिन्याला पैसे. आधी ४२५ रुपये होते, मग ११००, २०२३ पासून २२५०. त्याशिवाय केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व आहे, महिन्याला ४०००. त्याला खेड्यात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० च्या आत लागतं. वरच्या पोराचा बाप वारला त्या महिन्यापासून तो बालसंगोपनात बसत होता. २२५० म्हणजे त्याच्या पंधरा-वीस खेपांची कमाई. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण अपात्र ठरलं म्हणून बालसंगोपन अपात्र होत नाही, दोन्हीचा काडीचा संबंध नाही. पण गावात सगळ्यांचा समज हाच, की एकदा तहसीलमधून "अपात्र" आलं की सगळीच दारं बंद. कितीतरी बाया आमच्यासमोर येऊन म्हणायच्या, "आमचं तं अपात्र झालं ना बाई."

अडचणी कुठे येतात तेही सांगते. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं, शाळेचा दाखला, मग गृहचौकशी, मग समितीचा आदेश. माय परगावी असली की सही कुणाची? आजीचा अंगठा चालतो, पण हे तिला सांगणारं कुणी नाही. आणि आदेश झाल्यावर पैसे दर महिन्याला येतात असंही समजू नका, थकतात आणि मग एकदम जमा होतात. तरी मी म्हणेन, अर्ज करा. कारण आदेश झाला की मूल समितीच्या नोंदीत येतं. उद्या ते मंडळापुढे उभं राहिलं तर त्याच्यामागे एक कागद असतो.

अजून एक. ज्याच्यावर "केस" आहे असं मूल बालगृहं घ्यायला कुरकुर करतात. बाकीची मुलं बिघडतील म्हणतात. आणि निरीक्षणगृहातून सुटलेल्याला गावातली शाळा घेत नाही. अशा वेळी मंडळ आणि समिती यांनी एकमेकांना साधा फोन केला तरी पुष्कळ काम होतं. आमच्या इथे दोघांच्या बैठकीचे दिवस वेगळे, इमारती वेगळ्या. नव्वद किलोमीटरवरून एसटीनं आलेल्या बाईला एका दिवशी मंडळ आणि दुसऱ्या दिवशी समिती अशा दोन मजुऱ्या बुडवाव्या लागायच्या. आम्ही मंडळाच्या दिवशीच आमची बैठक ठेवायला लागलो, तेव्हा बाया दोन्हीकडे हजर राहू लागल्या. त्यासाठी जीआर लागला नाही.

पऱ्हाटी | मंगळवार, दुपारी २.०५

मावशी, बैठकीच्या दिवसाचं हे मी उद्याच आमच्या मंडळातल्या समाजसेवक सदस्यांच्या कानावर घालते.

बेड्यावरून | मंगळवार, रात्री ८.५०

मी पारधी बेड्यावरचा. बारावी झालो, आता डीएड करतो. तुमच्या चर्चेत पोरगं आधी काहीतरी करतं आणि मग ठाण्यात जातं. आमच्याकडं उलटं आहे. तालुक्यात कुठंही घरफोडी झाली की गाडी आधी बेड्यावर येते. बाप सापडला नाही तर पोरगं बसवतात, बाप हजर होईपर्यंत. त्याची डायरीत नोंदही होत नाही, म्हणून मंडळ नाही आणि समितीही नाही. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमाती कायदा केला, तो गेला, ३१ ऑगस्ट १९५२ ला आम्ही विमुक्त झालो. दरवर्षी त्या दिवशी भाषणं होतात. गाडी मात्र येतच असते.

दुसरं वयाचं. कलम ९४ मध्ये आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तर हाडांची तपासणी. माझा जन्म पालावर झाला, जन्मदाखला नाही. गुरुजींनी शाळेत टाकताना १ जून लिहिला, वर्ष अंदाजे. बेड्यावर अर्ध्या पोरांचा वाढदिवस १ जूनच आहे. ज्यांना शाळेतच टाकलं नाही त्यांचं काय? माझ्या ओळखीचा एक पोरगा दाढी-मिशी लवकर फुटली म्हणून सरळ मोठ्यांच्या कोर्टात उभा केला होता. वकिलानं शाळेचा दाखला शोधून आणला तेव्हा मंडळाकडे पाठवलं. तोवर तो कुठे होता ते लिहित नाही.

जुना_बक्कल | मंगळवार, रात्री ९.३०

भाऊ, तू लिहिलंस त्यावर मी वाद घालणार नाही.

काळी_माती | बुधवार, सकाळी १०.२०

थोडं वेगळं विचारते. नात्यातला मुलगा सतरा, मुलगी साडेसोळा. दोघं पळून गेली, वीटभट्टीवर सापडली. मुलगी समितीपुढे, मुलगा मंडळापुढे. दोघांची परिस्थिती एकसारखीच, दोघांचेही आईबाप भट्टीवरच असतात. मुलीला समुपदेशक मिळाली. मुलाला काय?

पऱ्हाटी | बुधवार, सकाळी ११.०५

तुमच्या प्रकरणातले तपशील इथे आणखी लिहू नका. कायद्याचं सांगते: २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या) कलम ४ ला किमान शिक्षा दहा वर्षं आहे, म्हणून तो घोर गुन्हा ठरतो. मुलगा सोळाच्या वरचा, म्हणून मंडळ तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यमापन करतं, त्याच्यावर मोठ्यासारखा खटला चालवायचा का हे ठरवायला. तो टप्पा यायच्या आतच वकील द्या, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत मिळतो. परिविक्षा अधिकाऱ्याला सामाजिक तपास अहवाल द्यायचा असतो, त्याला घरची सगळी हकिकत आपण होऊन सांगा, तो भट्टीवर येईल याची वाट बघू नका. आणि वकिलाला सांगा की मुलासाठीही समितीकडे पाठवण्याचा अर्ज टाका. समुपदेशन त्यालाही मागता येतं.

धावपट्टी | बुधवार, दुपारी ४.१५

असं प्रकरण झालं की पोलीस भरतीत आडवं येते का? मित्रासाठी विचारून राहिलो.

पऱ्हाटी | बुधवार, संध्याकाळी ६.४०

कलम २४ म्हणतं की मंडळानं निकाल दिलेल्या प्रकरणामुळे मुलाला पुढे कसलीही अपात्रता लागत नाही, आणि ठरावीक काळानंतर ती नोंदच नष्ट करायची. अपवाद सोळावरच्या ज्या मुलांवर मोठ्यासारखा खटला चालून दोष सिद्ध झाला त्यांचा. पडताळणीत कुणी अडवलं तर मित्राला मंडळाच्या आदेशाची प्रत घेऊन वकिलाकडे पाठवा. आणि सरावाला धावणं थांबवू नको म्हणावं.

वऱ्हाडी_ठेचा | बुधवार, रात्री ९.१०

सगळं वाचलं. बेड्यावरच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. पण माह्या केबलचे पैसे कोण देईन हे अजून कोणी सांगतलं नाई.

जुना_बक्कल | बुधवार, रात्री ९.३५

मंडळ दंड करू शकतं, पण तो तुमच्या खिशात येईल याची हमी नाही. भंगारवाल्याला धरलं तर मुद्देमाल तरी मिळतो. त्याचं नाव घालून नवा अर्ज द्या, इथे खासगी निरोप टाका, मजकूर मी सांगतो.

खडू_फळा | गुरुवार, सकाळी ७.४०

जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, तेलंगणाच्या सीमेजवळ. माझ्या सातवीतला एक मुलगा संक्रांतीपासून येत नाही. आईबाप मिरची तोडायला तिकडे गेलेत, हा मोठ्या बापाकडे (चुलत्याकडे) राहतो. दिवसभर फाट्यावरच्या ढाब्यावर असतो. अजून त्यानं काहीही केलेलं नाही, म्हणूनच विचारतो. मी कुणाला लिहू? गावात बाल संरक्षण समिती आहे, पण तिची बैठक रजिस्टरमध्येच होते. सरपंच म्हणतात ग्रामपंचायतीचा ठराव लागेल.

समितीवाली_मावशी | गुरुवार, सकाळी ८.१५

ठराव अजिबात लागत नाही. कलम ३१ प्रमाणे सरकारी कर्मचारी, समाजसेवक, कुणीही जागरूक नागरिक, अगदी मूल स्वतःसुद्धा समितीपुढे येऊ शकतं. तुम्ही शिक्षक आहात, पुरेसं आहे. पत्र बालकल्याण समितीच्या अध्यक्षांच्या नावे, प्रत जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांना. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनलाही फोन करून ठेवा, त्याची वेगळी नोंद होते.

पऱ्हाटी | गुरुवार, सकाळी ८.५०

पत्रात फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. शेवटचा हजर दिवस कोणता, घरी कोण आहे, आईबाप साधारण कधी परततात, ढाब्यावर किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत असतो. चौदाच्या आतलं मूल ढाब्यावर काम करत असेल तर तो बालकामगार कायद्याचाही विषय आहे, तेवढं एक वाक्य टाका. "वाईट संगत" हे शब्द चुकूनही नकोत. हजेरीपत्रकाची झेरॉक्स जोडा आणि पत्राची पोच घ्या, शिक्क्यासकट.

खडू_फळा | गुरुवार, सकाळी ९.०२

झेरॉक्सवर मुख्याध्यापकांची सही लागेल का? ते म्हणतील मुलगा पटावर आहे, पट कमी दाखवू नका.

पऱ्हाटी | गुरुवार, सकाळी ९.१०

पट कमी होत नाही, नाव पटावर राहतंच, गैरहजेरी तेवढी खरी लागते. त्यांची सही मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर वर्गशिक्षक म्हणून स्वतःच्या सहीनं पाठवा, पण याच आठवड्यात.